गे ग्रुपच्या बेटावरच्या वीकेंडला पहिल्यांदाच जाताय? हे आधी वाचून घ्या

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा डोक्यात एकच हिशोब होता, नाही जमलं तर उठून घरी येऊ. ग्रुपच्या नेहमीच्या भेटींना मी तेच करायचो, दाराजवळची खुर्ची पकडायची आणि अवघडल्यासारखं झालं की "उद्या लवकर उठायचंय" म्हणून सटकायचं. बेटावर पोचलो शुक्रवारी संध्याकाळी. जेवणाच्या टेबलांवर चाळीसेक माणसं, सगळी एकमेकांना मिठ्या मारतायत, जुने विनोद चाललेत, आणि माझ्या पोटात गोळा. अर्ध्या तासात मी होस्टला गाठून विचारलं, परतीची फेरीबोट कधी आहे? तो म्हणाला, शेवटची मगाशीच गेली, आता उद्या सकाळी नऊला.

म्हणजे बाकी कुठल्याही गे पार्टीत आणि ह्यात हा एवढाच फरक आहे, पण तो लै मोठा आहे. इथून मधेच निघता येत नाही. औषध विसरलं तर ते मिळेलच असं नाही, रूममेट पटला नाही तर दुसरी खोली असेलच असं नाही, कोणी फोटो काढला तर तुम्ही तिथेच अडकलेले. त्यामुळे जे काय ठरवायचंय ते घरी बसून, शुद्धीत असताना ठरवायचं. खालचं सगळं त्यातूनच आलंय, बरंचसं मी स्वतः माती खाऊन शिकलोय.

१. आधी ग्रुप बघा, बेट नंतर

बेटाचे फोटो सगळे सारखेच असतात, निळं पाणी आणि माडाची झाडं. त्याला भुलून पैसे भरू नका. सोशल ग्रुपचा वीकेंड आणि सर्किट पार्टी ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सर्किट पार्टी म्हणजे तिकीट, डीजे, हजारो लोक, कोणी कोणाला ओळखत नाही. सोशल ग्रुप म्हणजे वीस ते साठ माणसं, एकत्र जेवण, पत्ते, बोटीची एखादी सफर, रात्री थोडा नाच, आणि रविवारपर्यंत सगळ्यांना सगळ्यांबद्दल सगळं माहीत झालेलं असतं. तुम्हाला नक्की काय हवंय ते स्वतःला विचारा. एक जण आमच्याबरोबर आला होता, त्याला वाटलेलं तीन दिवस नुसती धमाल, आणि आमचे लोक रात्री दहाला कॅरम लावून बसले, बिचारा पार कंटाळून गेला.

पैसे भरायच्या आधी आयोजकाला हे विचारा, लाजू नका. किती जण येतायत, साधारण वयं काय, नवीन किती? जोडपी जास्त की एकटे? अख्खं रिसॉर्ट आपल्यासाठी आहे की बाकी पाहुणेपण असणार? पूल किंवा बीच "क्लोदिंग ऑप्शनल" आहे का (असेल तर कपडे काढायची सक्ती नसते, नावातच ऑप्शनल आहे, पण आधी माहीत असलेलं बरं). दारू चालते का, न पिणारे किती आहेत? रद्द केलं तर किती पैसे परत? आणि पैसे कोणाच्या खात्यात जातायत. हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. फक्त चॅटवर ओळख झालेला कोणीतरी "शेवटच्या दोन जागा, आजच भरा" म्हणून घाई करत असेल तर थांबा. फसवणाऱ्याला माहीत असतं की आऊट नसलेला, म्हणजे आपण गे आहोत हे उघड न सांगितलेला, माणूस पोलिसात जाणार नाही. शक्य असेल तर आधी ग्रुपच्या एकदोन साध्या भेटींना जाऊन या. दोनच चेहरे ओळखीचे असले तरी पहिली संध्याकाळ निम्मी सोपी होते.

२. तिथला कायदा स्वतः तपासा

हे आयोजकावर सोडू नका. "अरे काही होत नाही, आम्ही दरवर्षी जातो" हे उत्तर नाही. ट्रॉपिकल बेटांचा कायदा एका बेटापासून दुसऱ्या बेटापर्यंत पार उलटा असू शकतो. फुकेत, सामुई थायलंडची, तिथे २३ जानेवारी २०२५ पासून समलिंगी लग्नच कायदेशीर आहे. रीयुनियन, मार्टिनिक, ग्वाडलूप फ्रान्सचा भाग म्हणून तिथे २०१३ पासून. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा जुना कायदा सेशेल्सने २०१६ मध्ये काढला, बार्बाडोसमध्ये कोर्टाने २०२२ मध्ये, मॉरिशसमध्ये सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२३ मध्ये, सेंट लुशियात २०२५ मध्ये. दुसरीकडे मालदीवमध्ये असे संबंध गुन्हाच आहेत, जमैकातही तो कायदा अजून पुस्तकात आहे. आणि कायदा नेहमी पुढेच जातो असंही नाही. त्रिनिदादमध्ये २०१८ मध्ये हायकोर्टाने तशीच कलमं रद्द केली आणि २०२५ मध्ये वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला. म्हणून तीन वर्षांपूर्वी कोणीतरी दिलेली माहिती धरून चालू नका, निघायच्या महिन्याभरात परत बघा.

अजून एक, कायदा सैल असला म्हणजे गाव सैल असतं असं नाही. ज्या बेटावर अशा संबंधांवर बंदी नाही तिथेही बाजारात हात धरून फिरलं की लोक वळून बघतात, आणि रिसॉर्टच्या आत सगळं चालतं म्हणून बाहेर चालेल असं समजून एक जोडी आमच्याच ग्रुपमधली चांगलीच अडचणीत आली होती. आत काय, बाहेर काय, हे होस्टला पहिल्याच दिवशी स्पष्ट विचारा.

३. तिकीट, फेरी आणि खोली

सुट्टीचा वीकेंड म्हणजे अख्ख्या गावाला सुट्टी. फेरी भरते, छोटी विमानं भरतात. विमान आणि शेवटची फेरी ह्यांच्यात किमान चार तास ठेवा, आणि जमलं तर आदल्या रात्रीच फेरीच्या गावात मुक्काम करा. मी एकदा दीड तास ठेवला होता, विमान चाळीस मिनिटं लेट, बॅग शेवटून दुसरी आली, आणि धक्क्यावर पोचलो तर फेरी समोर दिसतेय पण पाण्यात. छोट्या विमानात सामानाचं वजन कडक असतं, काही ठिकाणी तुमचंही वजन करतात, तेव्हा मनाला लावून घेऊ नका. कॅरिबियन आणि अटलांटिकच्या बाजूला जून ते नोव्हेंबर वादळांचा सीझन असतो, त्यात जात असाल तर ट्रॅव्हल इन्शुरन्स घ्याच, आणि तो वादळाचं नाव जाहीर व्हायच्या आत घ्या, नंतर घेतला तर त्या वादळाचे पैसे मिळत नाहीत.

खोलीबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे कारण सगळ्यात जास्त रडारड इथेच होते. एकट्याने जाणाऱ्याला दोन पर्याय, शेअरिंग किंवा जास्तीचे पैसे भरून एकट्याची खोली. पहिल्यांदा जात असाल आणि खिशाला झेपत असेल तर एकट्याची घ्या. लोकांचा कंटाळा आला, रडू आलं, नुसतं छताकडे बघत पडावंसं वाटलं, तर स्वतःचं एक दार पाहिजे, कारण बेटाला तर दार नाहीच. नाही झेपत तर शेअर करा पण रूममेटशी आधी फोनवर बोलून घ्या. घोरतो का, एसी किती, सिगारेट, आणि सगळ्यात अवघड प्रश्न म्हणजे खोलीत कोणाला आणलेलं चालेल का. हा प्रश्न फोनवर दोन मिनिटांत सुटतो, रात्री दोनला दाराबाहेर उभं राहून नाही सुटत. आणि खाट एक आहे की दोन हे रिसॉर्टकडून लेखी घ्या. दोन पुरुषांनी खोली घेतली म्हणून गे रिसॉर्ट आपण होऊन डबल बेड देतात आणि बाकीची रिसॉर्ट आपण होऊन दोन सिंगल, दोन्ही वेळा चुकीच्या जोडीला.

४. कोणाला किती माहीत व्हायला हवं

आऊट असाल तर हा भाग सोडा. नसाल तर बॅग भरायच्या आधी हे करा.

घरी आणि ऑफिसात काय सांगणार ते एकच ठरवा आणि साधं ठरवा. "मित्रांबरोबर बेटावर चाललोय" हे खरंच आहे की. खोटी कॉन्फरन्स वगैरे रचू नका, परत आल्यावर काळे ठिक्कर पडलेले असता, कोण विश्वास ठेवणार.

बहुतेक ग्रुपमध्ये फोटोचा नियम असतो, कुठे वेगळ्या रंगाची रिस्टबँड देतात, म्हणजे ह्याचा फोटो नको. नियम नसेल तर पहिल्या जेवणालाच उभं राहून सांगा, दहा सेकंद कसंतरी वाटतं, मग तीन दिवस निवांत. पण खरा घोळ फोटो काढणाऱ्याकडून होत नाही, मागे कोण आहे हे न बघता स्टोरी टाकणाऱ्याकडून होतो. माझा असाच एक फोटो गेला होता, मी कोपऱ्यात, हातात टॉवेल, आणि वर ग्रुपचं नाव ठसठशीत. काढला तासाभरात, पण तो तास मला आठवतो. तुमच्या प्रोफाइलवर टॅग आधी तुम्हाला विचारून लागेल असं सेटिंग करून ठेवा. डेटिंग ॲपवर तुम्ही किती अंतरावर आहात ते दाखवणं बंद करा. ज्या बेटावर कायदा विरोधात आहे तिथे ॲप उघडूच नका, पोलीस किंवा पैसे उकळणारे खोटी प्रोफाइल बनवून बसलेले असतात.

आणि ही गोष्ट कोणी सांगत नाही. फॉर्मवर इमर्जन्सी कॉन्टॅक्ट मागतात. आपण सवयीने वडिलांचा किंवा बहिणीचा नंबर टाकतो. उद्या पाय मोडला आणि आयोजकाने फोन करून सांगितलं, "मी अमुक गे ग्रुपमधून बोलतोय", तर? शक्यतो ज्याला माहीत आहे असा मित्र द्या, आणि घरचाच द्यायचा असेल तर बाजूला लिहा की फोनवर ग्रुपचं नाव घेऊ नये. आमच्या ग्रुपच्या फॉर्मवर आता त्यासाठी वेगळी ओळच आहे.

५. बॅगेत काय

कागद आधी. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने चालेल असा (बरेच देश अडवतात), व्हिसा किंवा ऑनलाइन एंट्री फॉर्म लागत असेल तर तो, परतीचं तिकीट, राहण्याचं बुकिंग, इन्शुरन्सचा कागद आणि त्यावरचा चोवीस तासवाला नंबर, डॉक्टरची चिठ्ठी. सगळ्याची एक प्रत फोनमध्ये, एक कागदावर बॅगेच्या तळाशी. थोडी रोकडही ठेवा, छोट्या बेटावर एटीएम एकच असतं आणि लाँग वीकेंडला शनिवारी दुपारीच रिकामं होतं.

बाकी सामान: पाण्यात न भिजणारी ड्राय बॅग, खडकावर चालायला रबरी चपला, हलका पूर्ण बाह्यांचा शर्ट, इअरप्लग (रूममेट "मी नाही घोरत" म्हणाला असेल तरी), टॉर्च, पॉवर बँक जी केबिन बॅगेतच ठेवावी लागते, बोट लागण्यावरची गोळी जी बोटीत बसायच्या अर्धा-एक तास आधी घ्यायची, मळमळायला लागल्यावर नाही. शनिवारी रात्री काहीतरी थीम असतेच, पांढरे कपडे किंवा फुलाफुलांचे, ते आधी विचारून एकच कपडा न्या, तीन नको.

सनस्क्रीन नेण्याआधी तिथला नियम बघा. हवाईत २०२१ पासून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेलं सनस्क्रीन विकायला बंदी आहे, पलाऊमध्ये २०२० पासून, थायलंडने आपल्या राष्ट्रीय उद्यानांत तसंच केलंय, प्रवाळाला त्रास होतो म्हणून. झिंक ऑक्साइडवालं घेतलं की सहसा प्रश्न येत नाही.

६. औषधं

सगळी रोजची औषधं हातातल्या बॅगेत, मूळ डब्यात, दोन दिवसांची जास्तीची. फेरी रद्द झाली तर ते दोन दिवस कामाला येतात. एचआयव्हीची औषधं घेत असाल तर अजूनच, आणि वेळेचा फरक असेल तर फोनवर अलार्म बदलून घ्या.

"मी तर काही करणार नाहीये" असं म्हणून गेलेले किती जण मी बघितलेत, त्यामुळे करणार नसलात तरी तयारीने जा. कंडोम आणि पाण्यावर आधारित ल्यूब स्वतःचं न्या. प्रेप (एचआयव्ही होऊ नये म्हणून आधीच घ्यायच्या गोळ्या) घ्यायचं असेल तर डॉक्टरकडे तीनचार आठवडे आधी जा, त्याआधी एचआयव्ही, किडनी आणि हिपॅटायटिस बीची तपासणी लागते. रोजची गोळी न घेता फक्त अशा वेळेपुरतं घेण्याची पद्धतही आहे, संबंधांच्या २ ते २४ तास आधी दोन गोळ्या, पहिल्या डोसनंतर २४ तासांनी एक आणि ४८ तासांनी एक. वीकेंडभर चालू राहिलं तर रोज एक, शेवटच्या वेळेनंतर दोन दिवसांपर्यंत. पण ती सगळ्यांना चालत नाही, विशेषतः हिपॅटायटिस बी असेल तर, म्हणून मनाने सुरू करू नका. प्रेप नव्हतं आणि कंडोम फाटला तर एचआयव्ही रोखायला पीईपी नावाचा २८ दिवसांचा कोर्स असतो, तो ७२ तासांच्या आत सुरू व्हावा लागतो, जितका लवकर तितका बरा. शनिवारी रात्री काही झालं आणि तुम्ही मंगळवारी रात्री घरी पोचलात तर ७२ तास संपलेच. म्हणून बेटावर किंवा फेरीच्या पलीकडे जवळचं हॉस्पिटल कुठलं हे आधीच लिहून ठेवा. एमपॉक्सची (आधीचं नाव मंकीपॉक्स) लस, जी २०२२ च्या साथीनंतर आपल्या लोकांना बऱ्याच देशांत सांगितली जाते, ती दोन डोसमध्ये असते, मधे चार आठवडे, म्हणजे निघायच्या आदल्या आठवड्यात आठवून उपयोग नाही.

नाचाच्या वेळी कोणीतरी पॉपर्सची, म्हणजे हुंगायच्या नशेची, बाटली पुढे करतंच. सिल्डेनाफिल (व्हायग्रा) किंवा त्याच्यासारखी गोळी घेतली असेल तर पॉपर्सला हात लावायचा नाही, बीपी धाडकन खाली येतं आणि जीव जाऊ शकतो. जीएचबी (पार्टीत चालणारं एक नशेचं द्रव) आणि दारू एकत्र तसंच, श्वास थांबतो. आणि ह्यातलं काहीही सीमेपलीकडे घेऊन जाऊ नका, काही देशांत थेट तुरुंग आहे. कोणी बेशुद्ध पडलं तर कुशीवर वळवा, एकटं सोडू नका आणि काय घेतलंय ते डॉक्टरला खरं सांगा.

७. पहिली संध्याकाळ

सगळ्यात अवघड हेच दोन तास. माझा उपाय म्हणजे काम मागून घ्यायचं. खुर्च्या लावायच्या, बर्फ आणायचा, यादीवर नावं टिक करायची. हाताला काम असलं की कानकोंडं व्हायला होत नाही आणि सगळ्यांची नावं आपोआप कळतात. "मी पहिल्यांदाच आलोय" हे सरळ सांगा, जुन्या लोकांना नव्याला सांभाळून घ्यायला आवडतं, फक्त त्यातला एखादा जरा जास्तच सांभाळायला लागला तर होस्टला कानावर घाला.

शरीराचं टेन्शन मला होतं. पहिल्या दिवशी मी टी-शर्ट घालून पूलमध्ये उतरलो होतो. आजूबाजूला बघितलं तर पोटं, टक्कल, ऑपरेशनचे व्रण, साठीतली माणसं, सगळं होतं, आणि कोणी माझ्याकडे बघतही नव्हतं, जे खरं सांगायचं तर थोडं लागलंच.

कार्यक्रमात "टी डान्स" दिसला तर चहा शोधू नका. संध्याकाळच्या उजेडात होणारा नाच असतो तो, १९६० च्या दशकात न्यूयॉर्कजवळच्या फायर आयलंडवर गे लोकांनी तो आपलासा केला, तेव्हा पुरुषांनी पुरुषांबरोबर नाचणं म्हणजे पोलिसांना आमंत्रण होतं. नव्या माणसाला हाच कार्यक्रम सगळ्यात बरा, उजेड असतो, फार कोणी प्यायलेलं नसतं, आणि नऊपर्यंत संपतो.

कोणी आवडला तर विचारा, नाही म्हणाला तर विषय संपला. तुम्हाला नाही म्हणायचं असेल तर "नको, पण थँक्यू" एवढंच पुरतं, कारण द्यायची गरज नाही. पूलमध्ये अर्धे कपडे घालून बसलाय म्हणजे हात लावायला परवानगी असं कुठेच नसतं. आणि एक लक्षात घ्या, शुक्रवारी रात्री ज्याच्याबरोबर जाल तो शनिवारी नाश्त्याला, दुपारी बोटीवर आणि रात्री शेजारच्या टेबलावर असणार आहे. मी म्हणतो शुक्रवार नुसता बघण्यात घालवा.

८. ऊन आणि पाणी

सनस्क्रीन दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आलं की परत. डॉक्सिसायक्लिन घेत असाल (हल्ली बरेच जण संबंधांनंतर संसर्ग होऊ नये म्हणून हे अँटिबायोटिक घेतात) तर त्वचा उन्हाला जास्त भाजते, सावलीत बसा. लिंबाची गोष्ट तर कोणालाच माहीत नसते. पूलच्या कडेला उन्हात बसून ग्लासात लिंबू पिळलं आणि रस हातावर राहिला तर दुसऱ्यातिसऱ्या दिवशी तिथे भाजल्यासारखे फोड येतात, डाग कित्येक आठवडे जात नाही. हात धुवा. डास दिवसाही चावतात, डेंग्यूचे तर जास्त करून दिवसाच, आधी सनस्क्रीन मग डासांचं मलम असा क्रम.

दारू पिऊन रात्री समुद्रात जायचं नाही, कोणी कितीही चांदण्याचं कौतुक केलं तरी. दिवसा पोहताना ओढ आत न्यायला लागली तर किनाऱ्याकडे सरळ झुंजू नका, किनाऱ्याला समांतर पोहा, ओढ संपली की मग तिरकं बाहेर या. स्कूबा करणार असाल तर तो शनिवारीच उरका. एका डाइव्हनंतर विमानात बसायला किमान १२ तास, जास्त डाइव्ह असतील तर १८ तास थांबायला सांगतात, आणि आयोजक हमखास शेवटच्या दिवशी सकाळी डाइव्ह ठेवतात कारण तेव्हा बोट रिकामी असते.

९. परतताना

बारचं बिल आदल्या रात्रीच भागवा, सकाळी काउंटरवर सगळा ग्रुप रांगेत असतो आणि फेरी कोणासाठी थांबत नाही. घरी जाऊन बॅग दुसरं कोणी उघडणार असेल तर ग्रुपचा टी-शर्ट आणि रिस्टबँड आठवणीने बाजूला काढा. रिस्टबँड शुक्रवारीच सैल बांधून घ्या आणि अधूनमधून वर खाली सरकवत राहा, मनगटावर पांढरा पट्टा उठला की तो पुढे दोन आठवडे ऑफिसात सगळ्यांना दिसतो.

परत आल्यावर मंगळवार-बुधवार जरा उदास जातात, आऊट नसलेल्यांना जास्तच, कारण तीन दिवस सांभाळून बोलायची सवय सुटलेली असते. त्या आठवड्यात कोणाशी तरी फोनवर बोलायचं आधीच ठरवून ठेवा. आणि नंबर फेरीवर घेऊ म्हणून थांबू नका. मी थांबलो होतो. फेरीवर अर्धे झोपलेले, दोघं उलटी करतायत, फोनला रेंज नाही, आणि ज्याच्याशी सगळ्यात जास्त गप्पा झाल्या होत्या तो आधीच्या फेरीने गेलेला. शनिवारी रात्रीच घ्या, कागदावर.